प्रॉसरांच्या स्वयंपाकघरातलं दार

मर्टल प्रॉसर मोठी भली बाई आहे असं विदरस्टोत कोणी म्हणालं, तर समजावं की माणूस परगावचा आहे आणि नुकताच तिच्या हातचा डॅमसनचा, म्हणजे आंबट जांभळ्या आलुबुखारांचा, मुरंबा खाऊन उठला आहे. मुरंबा चांगलाच असतो. बाकी मर्टलबद्दल चांगलं बोलायचं तर मला थांबून आठवावं लागतं, आणि तिच्या शेजारी मी निम्मं आयुष्य काढलंय.

ती मठाच्या महंताच्या घरात राहते. हे ती स्वतःच सांगते, कोणी न विचारता. उन्हाळ्यात कॅमेरे गळ्यात घालून लोक येतात आणि तिच्या कुंपणावरून विचारतात, इथे भिक्षू राहायचे ना? तेव्हा ती डेलियांना पाणी घालता घालता, मान वर न करता म्हणते, "भिक्षू नव्हते, पाद्री होते. ऑगस्टीन संताच्या नियमाने राहणारे. कळत नसेल तर विचारावं, ठोकून देऊ नये." आता त्यांनी विचारलंच होतं, पण मर्टलपुढे ते कोण बोलणार.

पाचेकशे वर्षांपूर्वी राजाने देशभरचे मठ मोडून विकले तेव्हा ज्याने हा विकत घेतला, त्याने चर्चचा पूर्वेकडचा अर्धा भाग पाडला आणि दगड, छपरावरचं शिसं, सगळं विकून खाल्लं. पश्चिमेकडचा अर्धा भाग गावाचा होता म्हणून वाचला. त्यात अजून रविवारी प्रार्थना होते. मठाची वेस वाचली, कारण पाडणाऱ्यांना तोवर कंटाळा आला असावा. कोठार वाचलं, कारण त्यात धान्य होतं. महंताचं घर वाचलं, कारण विकत घेणाऱ्यालाच राहायला ते पाहिजे होतं. आता वेशीवरच्या खोल्या सुट्टीकरता भाड्याने मिळतात आणि त्यांच्या जाहिरातीत न्हाणीघराचा फोटो वेशीपेक्षा मोठा असतो. कोठारात लग्नं लागतात, आणि रात्री त्या दगडी भिंतींतून जे संगीत बाहेर येतं त्याने आमच्या कपाटातल्या बश्या थरथरतात. एवढी शतकं उभ्या राहिलेल्या भिंतींची ही गत पाहिली की वाटतं, तो पाडणारा निदान स्वच्छ मनाचा होता.

महंताचं घर चर्चच्या दक्षिणेच्या भिंतीला चिकटून आहे. इतकं चिकटून, की मर्टलच्या स्वयंपाकघराची एक भिंत म्हणजे चर्चचीच भिंत. पूर्वी तिथून पाद्र्यांची जायची-यायची वाट होती आणि वाटेतून थेट चर्चमध्ये उघडणारं एक कमानीचं दार होतं. पुढे प्रॉसर इथे कूळ म्हणून आले, वाटेचं स्वयंपाकघर झालं, पण दार राहिलं. रविवारी सगळा गाव पुढच्या दाराने, छत्र्या झटकत, चिखलाचे बूट घासत आत यायचा. प्रॉसर मंडळी स्वयंपाकघरातून यायची. ओव्हनमध्ये मांस ठेवून यायची आणि प्रवचन लांबलं तर मधेच उठून बघून यायची. त्यांची माणसं मेली की शवपेटीही त्याच दाराने आत जायची. स्वयंपाकाच्या टेबलावर रात्रभर ठेवायची आणि सकाळी चार पावलांवर चर्च. देवाघरी जायला प्रॉसरांना उंबरा ओलांडला की झालं, इतरांना चढ चढून यावं लागे. या गोष्टीचा त्यांना केवढा ताठा होता, ते मर्टलच्या मानेकडे पाहिलं तरी कळतं.

मर्टल आणि तिचा धाकटा भाऊ डेन्झिल, एवढीच दोघं उरली होती. आईबाप गेलेले, लग्न दोघांचंही नाही. डेन्झिल गायी बघायचा, मर्टल घर आणि कोंबड्या. आणि रविवारी संध्याकाळची प्रार्थना संपली की त्या दाराने एक माणूस आत यायचा. लायनेल बीवन. पलीकडच्या गावात शाळामास्तर होता आणि आमच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचा. काखेत स्वरांच्या वह्या, विजार साखळीत अडकू नये म्हणून पायाला सायकलची चिमटी. आत यायचा, शहाजिरं घातलेला केक खायचा, दोन कप चहा प्यायचा आणि हवापाण्याबद्दल बोलून निघून जायचा. हे काही वर्षं चाललं. गावाने मनातल्या मनात त्यांचं लग्न लावूनसुद्धा टाकलं होतं. लायनेलने मात्र हवापाण्याच्या पुढे जाऊन काही विचारलं नाही, आणि मर्टलने केकचा तुकडा जरा मोठा कापण्यापलीकडे काही सुचवलं नाही. या लोकांत याला प्रेमप्रकरण म्हणतात.

मग एकदा मर्टल आठवडाभर मावशीकडे अ‍ॅबरिस्टविथला, समुद्रावर गेली. ती परत आली तेव्हा स्वयंपाकघरातलं दार नव्हतं. डेन्झिलने ते आतून बुजवलं होतं. पडक्या भागातले दगड, थोड्या विटा, वर गिलावा आणि वर चुना. मर्टलने बॅग खाली ठेवली, भिंतीकडे पाहिलं, किटली गॅसवर ठेवली, आणि त्या दिवसापासून भावाशी बोलायची बंद झाली.

का बुजवलं, हे तिने विचारलं नाही. तिला माहीतच होतं. लायनेलने घरात येऊ नये, बहिणीने फुकट राबायला जन्मभर इथेच राहावं, म्हणून. डेन्झिलनेही विचारलं नाही की बाई, तुझं तोंड का बंद झालं.

आणि लायनेल? मर्टल समुद्रावर होती त्या रविवारी तो नेहमीसारखा ऑर्गन बंद करून दाराशी आला. चर्चच्या बाजूचं लाकडी फळीचं दार तसंच होतं. त्याने कडी उचलली, दार ओढलं, आणि पुढे दगड. चर्चचा म्हातारा राखणदार सायरस मेणबत्त्या विझवत होता, त्याने हे सगळं पाहिलं. लायनेल थोडा वेळ दगडांकडे बघत उभा राहिला. मग दार हलकेच लावलं आणि सायरसला म्हणाला, "बरं झालं. तोंडाने सांगायची पाळी तिच्यावर आली नाही." आणि सायकलवर बसून गेला. पुढे ऑर्गन सोडला. दंतवैद्याकडे पावत्या फाडणाऱ्या एका बाईशी लग्न केलं आणि, म्हणतात, सुखाने राहिला.

घराला पुढचंही दार आहे. हिरव्या रंगाचं, वर पितळेची कडी. चर्चमधून बाहेर पडायचं, डावीकडे वळायचं, डॅमसनच्या झाडाखालून जायचं, की ते दार. ज्या माणसाला एवढा वळसा घालायचं सुचलं नाही, त्याच्यासाठी मर्टलने जन्मभर तोंडात गुळणी धरली. मी हे तिला कधी म्हटलं नाही. मीही इथे राहून राहून इथल्यासारखी झाले असेन.

सायरसने ही गोष्ट गावात सगळ्यांना सांगितली. आम्ही आपला देश सोडून इथे राहायला आलो तेव्हा पहिल्याच महिन्यात मला सांगितली. मर्टल आणि डेन्झिलला सोडून गावात ती सगळ्यांना माहीत होती. तिला मात्र कोणी सांगितलं नाही, कारण तो तिचा खाजगी प्रश्न. गावभर चघळायला खाजगी नव्हता, तिच्या कानावर घालायला खाजगी होता. अळीमिळी गुपचिळी म्हणतात ती हीच, फक्त हे लोक तिला सभ्यपणा म्हणतात.

तर चाळीसेक वर्षं ते बहीणभाऊ एका घरात न बोलता राहिले. वरच्या खोल्या त्याच्या, खालच्या तिच्या, स्वयंपाकघर दोघांचं. दुपारपर्यंत ती वापरायची, नंतर तो. चहा मात्र एकाच किटलीत. अबोला धरला म्हणून काही दोनदा गॅस जाळायचा नसतो. ती दोघांचा करायची, आपला कप ओतून घ्यायची आणि बाकीचा गरम राहावा म्हणून चहादाणीवर लोकरी टोपी घालून निघून जायची. काही सांगायचं असलं तर कुत्र्याला सांगायचं.

"मॉस, तुझ्या धन्याला सांग, वरच्या न्हाणीचं पाणी माझ्या पलंगावर पडतंय."

"मॉस, तिला सांग, पलंग हलवता येतो."

मॉसच्या आधी जिप होता, त्याच्याही आधी कोणी. कुत्री बदलली, बोलणं हेच.

आता आमच्या कवेच्या रविवारबद्दल सांगितलं पाहिजे, कारण पुढचं सगळं त्यावरच आलं. सप्टेंबरात, डॅमसन पिकतात तेव्हा, गावातले लोक हातात हात घालून चर्चभोवती कडं करतात. तोंड भिंतीकडे. कडं पुरं जुळलं की स्तोत्र म्हणायचं आणि सगळ्यांनी एकदम भिंतीकडे पाऊल टाकायचं, जणू चर्चला कवेत घेतलं. मला हा दिवस आवडतो. देवळाला प्रदक्षिणा घालायची की हात धरून वेढा घालायचा, एवढाच काय तो फरक, आणि कड्यात उभं राहायला कोणी माझा धर्म विचारला नाही. माणसं कमी पडतात, तेव्हा विचारून परवडणारही नाही.

पण चर्चची दक्षिणेची भिंत महंताच्या घरात आहे. म्हणून कडं घरातून जातं. बाहेरचा माणूस स्वयंपाकघराच्या पूर्वेच्या खिडकीतून आत हात घालतो, आतले तो धरतात, आणि पश्चिमेच्या मागच्या दाराशी पुन्हा बाहेरच्या माणसाच्या हातात हात जातो. आतली जागा प्रॉसरांची. तिथे दुसऱ्या कोणी उभं राहायचं नाही. पूर्वी त्यांची तिथे गर्दी व्हायची. आता मर्टल आणि डेन्झिल. दोघं न बोलणारी, आणि हात धरल्याशिवाय कडं जुळत नाही.

यावर मर्टलने तोडगा काढला, तो भांडी पुसायच्या फडक्याचा. एक टोक तिने धरायचं, एक त्याने. हात पुरत नाहीत, असं तिचं म्हणणं. हात पुरत होते. मी मागच्या दाराशी तिचा दुसरा हात धरून उभी असायचे, मला दिसायचं. फडकं मधे सैल लोंबत असायचं. आणि गंमत अशी की तोंड चर्चकडे करायचं म्हणजे दोघांची तोंडं बरोबर त्या बुजवलेल्या दाराकडे. वर्षातून एकदा ती दोघं फडक्याची टोकं धरून त्या चुन्याच्या भिंतीकडे बघत स्तोत्र म्हणायची. एकापाठोपाठ एक पाद्री आले आणि गेले. सगळ्यांनी ते फडकं पाहिलं, सगळे म्हणाले, वा, कडं छान जुळलं.

मग जोसलिन अ‍ॅक्रॉइड आली. आमची पहिली पाद्रीबाई, यॉर्कशायरची. तिकडची माणसं जिभेला झाकण ठेवत नाहीत. तिच्याकडे सहा गावांची चर्चं, त्यामुळे मौनाला तिला वेळही नव्हता.

त्या वसंतात मर्टल कोंबड्यांच्या खुराड्यापाशी पडली. हाड मोडलं नाही, पण डॉक्टरने हृदय तपासलं आणि मान हलवली. ती अंथरुणावर होती तोवर मी तिच्याकडे वरण नेत असे. ती त्याला सूप म्हणायची आणि मीठ कमी आहे म्हणायची, आणि वाटी पुसून परत द्यायची. एका दुपारी पाद्रीबाई आली तेव्हा मी तिथेच शेंगा सोलत होते.

"अंत्यविधीचं सांगून ठेवते," मर्टल म्हणाली. "फुलं माझ्या बागेतली. दुकानातली आणलीत तर उठून बसेन. प्रवचन छोटं. आणि मला स्वयंपाकघरातून चर्चमध्ये न्यायचं. आईला नेलं तसं."

"तिथे भिंत आहे, मर्टल."

"तिथे काय आहे ते मला माहीत आहे. मी रोज बघते."

"मग डेन्झिलला सांगा, उघडून देईल."

"मी त्याच्याशी बोलत नाही."

"मेल्यावर बोलणार?"

मर्टलने माझ्याकडे पाहिलं, जणू या बाईला मीच आणलं होतं.

"पुढच्या दाराने चढावरून नेलं तर काय बिघडतं?" पाद्रीबाईने विचारलं.

"सगळा गाव तसाच जातो."

"मग?"

"मग काही नाही. प्रॉसर तसे जात नाहीत." ती उशीवर जरा वर सरकली आणि मग आवाज उतरवून म्हणाली, "तो मला जिवंतपणी त्या दारातून जाऊ देईना. मेल्यावर तरी मी जाणार."

तेव्हा मला पहिल्यांदा दिसलं की हा नुसता ताठा नव्हता. बाई घाबरलेली होती. आपण मरू याला नाही, तर आपण मरू आणि शेवटी त्याचीच भिंत खरी ठरेल, याला. तरीही विचारणार नव्हती ती नव्हतीच. चार पावलांवर तो गोठ्यात असायचा.

"मी विचारू का त्याला?" पाद्रीबाई म्हणाली.

"माझ्या नावाने नाही."

"बरं. माझ्या नावाने विचारते."

सप्टेंबर आला. मर्टल काठी घेऊन हिंडू लागली होती. कवेच्या रविवारी माणसं इतकी कमी होती, की उत्तरेच्या बाजूला मोठी फट राहिली. कोठारात लग्न होतं, तिथून पाहुणे पकडून आणायचं ठरलं. उंच टाचांच्या बायका गवतात रुतत, हसत, एकमेकींना धरत येत होत्या आणि याला वेळ लागणार हे दिसत होतं. बाकी कडं जुळलेलं होतं. नियम असा की एकदा धरलेला हात कडं पुरं होईपर्यंत सोडायचा नाही. माझ्या हातात मर्टलचा हात. तिच्या दुसऱ्या हातात फडक्याचं टोक, दुसरं टोक डेन्झिलकडे. आणि डेन्झिलचा पलीकडचा हात खिडकीतून पाद्रीबाईने धरलेला. ती बाहेर झाडाखाली उभी होती, कोपर चौकटीवर टेकून, जशी शेजारीण गप्पा मारायला टेकते.

"डेन्झिल," ती म्हणाली, "हे समोरचं दार तुम्ही का बुजवलंत?"

माझ्या हातातला मर्टलचा हात ताठला. ती निघून गेली असती, पण जाणार कशी? एका बाजूला मी, एका बाजूला फडकं. डेन्झिलही जाऊ शकत नव्हता. पाद्रीबाईने त्याचा हात चांगला घट्ट धरला होता.

तो मोठा, जाडा, हळू माणूस होता. त्याला प्रश्न पोचायलाच वेळ लागायचा.

"वारा यायचा," तो म्हणाला.

"काय?"

"वारा. चर्चमधून. माझी खुर्ची तिथे असायची. पाठ धरायची माझी."

"एवढंच?"

"थंडीच्या दिवसांत फार धरायची."

बाहेर कोणी तरी लग्नातल्या पाहुण्यांना सांगत होतं, ग्लास खाली ठेवा, दोन्ही हात लागतात.

"लायनेल बीवन यायचा ना त्या दाराने?" पाद्रीबाई म्हणाली. तिला कोणी सांगितलं होतं देव जाणे. मी नाही.

"यायचा. मग यायचा बंद झाला. मला वाटलं, हिनेच नको म्हटलं असेल." त्याने मान किंचित फडक्याच्या बाजूला वळवली. "बरा माणूस होता. केक फार खायचा."

मर्टल समोर भिंतीकडे बघत होती. मला वाटलं, आता ही पडते. एवढी वर्षं जिच्यावर आयुष्य टांगलं ती खुंटी कोणी काढून घेतली तर माणूस पडायलाच पाहिजे. ती पडली नाही. तिने घसा साफ केला.

"पडदा लावता आला नसता?"

कुत्रा कोपऱ्यात होता, तो उठून बसला. त्याला वाटलं असावं, त्यालाच विचारलं.

डेन्झिल भिंतीलाच म्हणाला, "पडदा शिवणार कोण?"

"विचारलं असतंस तर मी."

"तू समुद्रावर होतीस."

"आठवडाभर. आठवडाभर पाठ शेकता येत नव्हती?"

"येत होती," तो म्हणाला. मग विचार करून, "पण सिमेंट उघडलेलं होतं. सुकून गेलं असतं."

तेवढ्यात उत्तरेकडून ओरडा आला की कडं जुळलं, आणि स्तोत्र सुरू झालं. मर्टलने ते म्हटलं, सगळी कडवी, एकही शब्द न चुकता. पाऊल टाकायची वेळ आली तेव्हा दोघांनी भिंतीकडे पाऊल टाकलं आणि दोघांचे बूट एकाच वेळी दगडी फरशीवर वाजले. कडं सुटल्यावर तिने फडकं घडी करून ओव्हनच्या दांडीवर टाकलं आणि कोंबड्यांकडे गेली.

मला कोणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, की बायांनो, बाप्यांनो, आता तरी रडा, भांडा, एकमेकांच्या अंगावर बश्या फेका. आमच्याकडे फेकल्या असत्या. इथे त्या दिवशी संध्याकाळी नेहमीसारखा चहा झाला आणि चहादाणीवर लोकरी टोपी चढली. मर्टल पुढे कितीदा तरी मला म्हणाली, "वारा." भाजी चिरताना, कोंबडी सोलताना, मधेच. "वारा, म्हणे." लायनेलचं नाव तिने एकदाच काढलं. "त्याला पुढचं दार माहीत होतं," ती म्हणाली. "नाताळात तिथूनच आला होता, बूट चिखलाचे होते म्हणून." मग तिने सुरी खाली ठेवली आणि कांदा धुतला. कांदा धुवायचा नसतो.

दार उघडायचं डेन्झिलने ठरवलं, पण पाद्रीबाईशिवाय कोणाला म्हणाला नाही. पाद्रीबाईने वरच्या कचेरीला कळवलं, कारण जुन्या इमारतींना विचारल्याशिवाय हात लावता येत नाही. तिकडून एक तरुण साहेब आला, स्वच्छ बुटांचा. त्याने भिंत ठोकून पाहिली, फोटो काढले आणि म्हणाला की बुजवलेला भागही आता इमारतीच्या इतिहासाचाच एक थर आहे, तो काढण्याआधी सगळ्या बाजूंनी विचार व्हायला पाहिजे.

"तो थर माझा आहे," डेन्झिल म्हणाला.

"हो, तोच तर मुद्दा आहे," साहेब म्हणाला.

"बरं," डेन्झिल म्हणाला, आणि त्याला चहा दिला. साहेबाची गाडी वेशीतून बाहेर पडली तशी छिन्नी वाजायला लागली.

त्याला हिवाळाभर लागला. म्हातारा होता, दम लागायचा, थोडं काढायचा आणि त्याच जुन्या खुर्चीत बसायचा. काढलेले दगड त्याने मागे वाफ्याभोवती लावले, त्यातल्या एकावर कोरलेलं पान आहे, मर्टल त्यावर बादली पालथी घालते. चर्चच्या बाजूला फुलांची सजावट करणाऱ्या बायकांनी दाराला टेकून फुलदाण्यांचं फडताळ ठेवलं होतं, ते हलवायला त्यांची दोनदा सभा झाली. फळीचं दार तसंच होतं. कडी गंजलेली, पण उचलली गेली.

आणि वारा आला. चर्चमधला दगडी, ओला, गार वारा, थेट खुर्चीवर. डेन्झिल खोटं बोलत नव्हता.

मर्टलने पडदा शिवला. गावच्या हॉलमधल्या नाटकाच्या पडद्याचं जुनं हिरवं मखमली कापड होतं, ते आणून दुहेरी करून, खाली वजनाला तांब्याचे तुकडे घालून. पडदा टांगला, सरकवून पाहिला आणि कुत्र्याला म्हणाली, "मॉस, तुझ्या धन्याला सांग, याला दोन संध्याकाळी लागल्या."

पुढच्या सप्टेंबरात मी मुद्दाम बघितलं. फडकं होतंच. दोघांनी आपापलं टोक धरलं. पाद्रीबाई खिडकीतून म्हणाली, "आता याची काय गरज आहे?" तर मर्टल म्हणाली, "हात पुरत नाहीत." डेन्झिल म्हणाला, "नाही पुरत." या एका बाबतीत त्यांचं जन्मभर एकमत होतं.

त्या जानेवारीत डेन्झिल गेला. खुर्चीत बसल्या बसल्या, पाठ दाराकडे, चहा अर्धा उरलेला. मर्टलने मला हाक मारायला पुढचं दार उघडलं तेव्हा तिच्या हातात तोच कप होता. "थंड झालाय," ती म्हणाली, आणि चहाबद्दल म्हणाली की डेन्झिलबद्दल, ते मी विचारलं नाही.

पेटी रात्रभर स्वयंपाकाच्या टेबलावर होती. सकाळी चर्च भरलं होतं. लोक पुढच्या दाराने आलेले, बुटांना चिखल. मी आत मर्टलजवळ थांबले. पाद्रीबाई चर्चच्या बाजूने दार उघडून उभी राहिली. डेन्झिलला उचलणारे शेजारचे शेतकरी होते, दांडगे, पण दार अरुंद, पाद्री एकेकटे जायचे त्यासाठी केलेलं.

मर्टल काळा कोट घालून पडद्याशी आली. तिने पडदा बाजूला ओढला आणि हाताने धरून ठेवला.

"मला जायचं होतं आधी," ती म्हणाली. "इथेही घुसला पुढे."

शेतकऱ्यांतला एक ओशाळून हसला.

"हसू नकोस, खाली बघ. उंबरा झिजलेला आहे. आईच्या वेळी मधला माणूस अडखळला होता."

ते सावकाश गेले. पडद्याचं मखमल पेटीला घासलं तेव्हा तिने ते आणखी मागे ओढलं आणि घासलेल्या जागी हात फिरवून पाहिलं. आत ऑर्गन सुरू झाला. आता तो वाजवणारी एक शाळकरी मुलगी आहे, बऱ्यापैकी चुकते. मर्टल पेटीमागून निघाली, काठी आपटत, उंबरा ओलांडला, आणि पलीकडे पोचल्यावर मागे वळली. मी अजून स्वयंपाकघरात होते.

"येतेस की तिथेच उभी राहणार आहेस?" ती म्हणाली. "आणि येताना दार लाव. वारा येतोय."